खटल्यातील विलंब आणि अमली पदार्थांच्या प्रकरणांतील जामीन : कलम ३७ च्या अनुषंगाने एक विवेचन

प्रास्ताविक :

दरवर्षी २६ जून रोजी आपल्या महाविद्यालयांतून आंतरराष्ट्रीय अमली पदार्थविरोधी दिन साजरा केला जातो. २०२० मध्ये नशामुक्त भारत अभियान सुरू झाल्यापासून शपथ, प्रभातफेरी व व्याख्यान या कार्यक्रमांना अधिक नियमितपणा आला आहे. या व्याख्यानांतून व्यसनाचे दुष्परिणाम सांगितले जातात आणि कायद्यातील कठोर शिक्षेचा धाकही घातला जातो. ते योग्यच आहे. तथापि, या कायद्याखाली अटक झालेली व्यक्ती दोषी ठरण्यापूर्वी किती वर्षे तुरुंगात राहू शकते, आणि कायदा तिला त्या काळात कोणता मार्ग उपलब्ध करून देतो, हा प्रश्न सहसा व्यासपीठावर येत नाही. राज्यशास्त्राच्या वर्गात आपण अनुच्छेद २१ शिकवितो. त्या अनुच्छेदाची खरी कसोटी खून किंवा चोरीच्या खटल्यापेक्षाही अमली पदार्थांच्या खटल्यात लागते, कारण येथे जामीन नाकारणे हा नियम आणि जामीन देणे हा अपवाद असे स्वतः संसदेनेच ठरविले आहे.

प्रस्तुत लेखात गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ (यापुढे ‘अधिनियम’) यातील कलम ३७ चे स्वरूप, खटला लांबल्यास आरोपीस मिळणारा जामीन आणि त्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने घेतलेली भूमिका यांचे विवेचन केले आहे. त्याचबरोबर, कळमनुरीसारख्या तालुक्यातील आरोपीपर्यंत ही भूमिका प्रत्यक्षात कितपत पोहोचते, याचाही विचार केला आहे.

कलम ३७ : अटी कोणत्या व कोणासाठी

अधिनियम १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अंमलात आला. कलम ३७ चे आजचे कठोर रूप मात्र मूळ कायद्यात नव्हते. ते १९८९ च्या दुरुस्तीने आले. या कलमानुसार सरकारी अभियोक्त्याला जामिनास विरोध करण्याची संधी दिली पाहिजे. त्याने विरोध केल्यास, आरोपी त्या अपराधाचा दोषी नाही असे मानण्यास वाजवी कारणे आहेत आणि जामिनावर असताना तो दुसरा अपराध करण्याचा संभव नाही, अशा दोन्ही गोष्टींबाबत न्यायालयाची खात्री झाल्याशिवाय जामीन देता येत नाही. यांनाच ‘जुळ्या अटी’ असे म्हटले जाते. फौजदारी प्रक्रियेतील सर्वसाधारण मर्यादांच्या जोडीला या अटी आहेत, हेही त्याच कलमात स्पष्ट केले आहे.

प्रारंभी या अटी पाच वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या सर्व अपराधांना लागू होत्या. परिणामी, स्वतःच्या व्यसनासाठी पुडी बाळगणारा आणि ट्रकभर माल नेणारा हे दोघेही जामिनाच्या दृष्टीने एकाच पंक्तीत बसत. २००१ च्या दुरुस्तीने ही विसंगती बऱ्याच अंशी दूर केली. कठोर जामीन-तरतुदींमुळे किरकोळ आरोपींच्या व व्यसनाधीनांच्या हालात भर पडते, अशी कबुली त्या दुरुस्ती विधेयकाच्या उद्देश व कारणांच्या निवेदनात शासनानेच दिली होती. या दुरुस्तीनंतर शिक्षा पदार्थाच्या प्रमाणानुसार ठरू लागली. गांजाच्या बाबतीत एक किलोपेक्षा कमी ते अल्प आणि वीस किलोंपेक्षा अधिक ते व्यापारी प्रमाण मानले जाते. हेरॉईनसाठी हे आकडे ५ ग्रॅम व २५० ग्रॅम असे आहेत, तर मेफेड्रॉनसाठी २ ग्रॅम व ५० ग्रॅम असे आहेत. कलम ३७ मधील जुळ्या अटी आता केवळ कलम १९, २४ व २७-अ खालील अपराधांना आणि व्यापारी प्रमाणाच्या प्रकरणांना लागू होतात.

याचा अर्थ उर्वरित प्रकरणांत जामीन हक्क म्हणून मिळतो असा नाही. अल्प प्रमाणाचा अपराध जामीनपात्र आहे, असे मत मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्टीफन म्यूलर प्रकरणात व्यक्त केले होते. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ती सारंग कोतवाल यांनी रिया चक्रवर्ती प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाच्या बलदेव सिंग निर्णयाचा आधार घेत, अधिनियमातील सर्व अपराध अजामीनपात्र असल्याचे नमूद केले. मात्र त्याच निर्णयाने अर्जदारास जामीनही दिला. अजामीनपात्र अपराध म्हणजे जामीन मिळत नाही असा अपराध नव्हे. त्यात जामीन न्यायालयाच्या विवेकाधीन असतो, एवढाच त्याचा अर्थ आहे. शिकलेल्या माणसांच्याही मनात या दोन्हींची गल्लत आढळते.

‘दोषी नाही’ याविषयी खात्री म्हणजे काय, हा यापुढील प्रश्न आहे. खटला पूर्ण होण्यापूर्वीच न्यायालयाने निर्दोषत्वाचा निष्कर्ष काढावा अशी अपेक्षा ठेवली, तर जामीन अशक्यच होईल. अशाच शब्दरचनेची तरतूद महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्येही आहे. बनावट मुद्रांक घोटाळ्यातून उद्भवलेल्या रणजितसिंग ब्रह्मजीतसिंग शर्मा विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२००५) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तिचा अर्थ लावला. आरोपी निर्दोष आहे असा निश्चित निष्कर्ष काढणे आवश्यक नसून, उपलब्ध सामग्रीचा व्यापक शक्यतांच्या आधारे विचार करणे पुरेसे आहे, असे त्या निर्णयात म्हटले आहे. अमली पदार्थांच्या खटल्यांतही या निर्णयाचा वारंवार आधार घेतला जातो. तरीही येथे एक अधिकची अडचण आहेच. कलम ३५ व ५४ अन्वये आरोपीची दोषी मनोवृत्ती व ताब्यातील मालाविषयीचा अपराध गृहीत धरला जातो. एका बाजूस कायदाच अपराध गृहीत धरतो आणि दुसऱ्या बाजूस आरोपीकडून जामिनाच्या टप्प्यावर निर्दोषत्वाची कारणे मागतो. अशा दुहेरी कात्रीत आरोपी सापडतो.

वजनकाटा आणि जामिनाचे दार

आपल्या परिसराच्या दृष्टीने या कायद्यातील सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘प्रमाण’ हा आहे. मराठवाड्यात कापूस किंवा तुरीच्या पिकात गांजाची झाडे आढळल्याच्या कारवाया होत असतात. अशा कारवाईत सामान्यतः झाडे उपटली जातात, त्यांचे वजन केले जाते व पंचनाम्यात एक एकत्रित आकडा लिहिला जातो.

समजा, एका शेतातून उपटलेल्या ओल्या झाडांचे वजन मुळे, खोड व पाने यांसह तीस किलो भरले. तीस हा आकडा वीसपेक्षा मोठा असल्याने प्रकरण व्यापारी प्रमाणाचे ठरते. मग कलम ३७ च्या जुळ्या अटी लागू होतात, किमान दहा व कमाल वीस वर्षांच्या शिक्षेची टांगती तलवार येते आणि तपासासाठी १८० दिवसांची मुदत मिळते. परंतु अधिनियमाच्या कलम २ मधील व्याख्येनुसार गांजा म्हणजे कॅनबिस झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फलधारी शेंडे होत. शेंडे सोबत नसतील तर बिया व पाने त्यातून वगळलेली आहेत. मुळांना चिकटलेली माती, खोड व देठ यांना या व्याख्येत कोठेही स्थान नाही. शेंडे वेगळे करून तोलले असते, तर तीस किलोंपैकी नेमके किती उरले असते, हे पंचनामा सांगत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने काही प्रकरणांत याच मुद्द्यावर, म्हणजे शेंडे वेगळे न करता केलेल्या वजनावर, व्यापारी प्रमाणाविषयी शंका व्यक्त करून जामीन दिलेला आहे.

येथे एक आक्षेप घेतला जाऊ शकतो. हिरा सिंग विरुद्ध भारत सरकार (२०२०) या निर्णयानुसार अमली द्रव्यात इतर पदार्थ मिसळलेले असतील तर संपूर्ण मिश्रणाचे वजन धरावयाचे असते. मग झाडाचे वजन पूर्ण का धरू नये? माझ्या मते ही तुलना चुकीची आहे. हेरॉईनमध्ये भेसळ केलेली भुकटी हे विक्रीसाठी केलेले मिश्रण असते. झाडाचे खोड हे मिश्रण नसून, व्याख्येनेच बाहेर ठेवलेला वनस्पतीचा भाग आहे.

याशिवाय झाडांची लागवड हा कलम २०(अ) खालील स्वतंत्र अपराध आहे. त्याची शिक्षा दहा वर्षांपर्यंत असून तिला प्रमाणाची अट नाही. तेव्हा प्रकरण केवळ लागवडीचे असेल तर कलम ३७ च्या जुळ्या अटी शब्दशः लागू होत नाहीत. पंचनाम्यातील एका आकड्यामुळे लागवडीचे प्रकरण व्यापारी साठ्याचे बनते. शेत बटाईने दिलेले असेल, सातबारा एकाच्या नावावर व वहिवाट दुसऱ्याची असेल, तर ताबा नेमका कोणाचा हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. या सर्व बाबी पहिल्याच जामीन अर्जात मांडावयाच्या असतात. प्रत्यक्षात त्या बऱ्याचदा आरोपीची काही वर्षे गेल्यानंतर उच्च न्यायालयात प्रथमच मांडल्या जातात.

१९९४ चा निर्णय आणि महाराष्ट्र

खटल्यातील विलंब हा जामिनाचा स्वतंत्र आधार होऊ शकतो काय, या प्रश्नाचा इतिहास महाराष्ट्राशी जोडलेला आहे. जलद खटल्याचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये अंतर्भूत आहे, हे १९७९ च्या हुसैनआरा खातून प्रकरणाने प्रस्थापित केले. अब्दुल रहमान अंतुले विरुद्ध आर. एस. नायक (१९९२) या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने या हक्काची तत्त्वे विस्ताराने मांडली. महाराष्ट्राच्या माजी मुख्यमंत्र्यांच्या नावाने हा निर्णय ओळखला जातो, याचे आपल्या विद्यार्थ्यांना अप्रूप वाटते. घटनापीठाने खटल्यांसाठी सरसकट कालमर्यादा ठरविण्यास नकार दिला; विलंब किती झाला याबरोबरच तो कोणामुळे झाला हे प्रत्येक प्रकरणात पाहावे, असे सांगितले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, ऑक्टोबर १९९४ मध्ये, कच्च्या कैद्यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालय विधी साहाय्य समितीने दाखल केलेल्या याचिकेवर निर्णय झाला. प्रश्न होता अमली पदार्थांच्या प्रकरणांत वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या आरोपींचा. राज्यात अतिरिक्त विशेष न्यायालये स्थापन केल्याचे महाराष्ट्र शासनाने सांगितले. पण प्रलंबित खटल्यांचा ढीग पाहता त्याने फारसा फरक पडेल असे वाटत नाही, असे न्यायालयाने नोंदविले. कायदा कठोर करणाऱ्या राज्याने खटले वेगाने चालविण्याची यंत्रणाही त्याच प्रमाणात उभी करावयास हवी होती, हे या निर्णयामागील सूत्र आहे. किमान दहा वर्षे शिक्षेच्या अपराधांत ज्यांनी पाच वर्षे तुरुंगात काढली आहेत, त्यांना एक लाख रुपयांचा जामीन व दोन जामीनदार घेऊन मुक्त करण्याचा आदेश न्यायालयाने दिला. त्याहून कमी शिक्षेच्या अपराधांत कमाल शिक्षेच्या निम्म्या कालावधीचे सूत्र वापरण्यात आले.

मात्र हे निर्देश एकवेळचे होते, आणि न्यायालयाने तसे स्पष्टही केले होते. परिणामी, पुढील दोन दशके आरोपीचा वकील १९९४ च्या निर्णयाचा दाखला देई आणि सरकारी अभियोक्ता तो ‘एकवेळचा’ असल्याचे दाखवून देई. थाना सिंग विरुद्ध केंद्रीय अमली पदार्थ विभाग (२०१३) या प्रकरणातील आरोपी बारा वर्षांहून अधिक काळ खटल्याविना तुरुंगात होता. त्या निमित्ताने न्यायालयाने तहकुबीवर नियंत्रण, साक्षीदारांच्या सलग तारखा, प्रयोगशाळांची संख्या व क्षमता यांविषयी सविस्तर निर्देश दिले.

दोन प्रवाह

आज सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांत दोन प्रवाह दिसतात, आणि ते दोन्ही प्रामाणिकपणे मांडले पाहिजेत. पहिला प्रवाह कठोर आहे. खुनी एक-दोन व्यक्तींचा बळी घेतो, तर अमली पदार्थांचा व्यापारी कित्येक तरुणांचे जीवन उद्ध्वस्त करतो, हा विचार १९९९ च्या राम समुझ प्रकरणात व्यक्त झाला. जुलै २०२२ मध्ये मोहित अग्रवाल प्रकरणात, कोठडीचा दीर्घ काळ, दोषारोपपत्र दाखल होणे किंवा खटला सुरू होणे या बाबी स्वतःहून कलम ३७ ची पूर्तता करीत नाहीत, असे न्यायालयाने म्हटले.

दुसरा प्रवाह फेब्रुवारी २०२१ मधील के. ए. नजीब प्रकरणापासून ठळक होतो. ते प्रकरण बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंध कायद्याचे होते. खटला वाजवी वेळेत पूर्ण होण्याची शक्यता नसेल आणि कोठडीचा काळ शिक्षेच्या मोठ्या भागाएवढा झाला असेल, तर वैधानिक निर्बंधांची कठोरता वितळून जाते, असे त्यात सांगितले गेले. मार्च २०२३ मध्ये मोहम्मद मुस्लिम ऊर्फ हुसैन प्रकरणात न्यायमूर्ती रवींद्र भट व न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांनी हाच विचार अमली पदार्थांच्या प्रकरणात आणला. आरोपी अटकेच्या वेळी २३ वर्षांचा होता, सात वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता, आणि चौसष्टपैकी चौतीस साक्षीदार अद्याप तपासावयाचे होते. कलम ३७ चा शब्दशः अर्थ घेतल्यास जामीन पूर्णतः बंद होईल, म्हणून प्रथमदर्शनी दिसणाऱ्या सामग्रीवर विचार करावा, आणि अवाजवी विलंबाच्या कारणावरून जामीन देण्यास कलम ३७ आड येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. दीर्घ कोठडीमुळे रोजगार जातो, कुटुंबे विस्कटतात, याचीही दखल या निर्णयाने घेतली आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये रबी प्रकाश विरुद्ध ओडिशा राज्य या २४७ किलो गांजाच्या प्रकरणात साडेतीन वर्षांच्या कोठडीनंतर जामीन देण्यात आला. तसेच महाराष्ट्रातून गेलेल्या जावेद गुलाम नबी शेख प्रकरणात (जुलै २०२४), बनावट नोटांच्या आरोपाखाली चार वर्षे तुरुंगात असलेल्या आरोपीवर आरोपनिश्चितीही झाली नव्हती. जलद खटला देण्याची राज्याची तयारी वा क्षमता नसेल, तर केवळ अपराध गंभीर आहे म्हणून जामिनास विरोध करू नये, असे न्यायालयाने बजावले.

या दोन प्रवाहांत खरा विरोध आहे काय? प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. कलम ३७ जो प्रश्न विचारते तो पुराव्यासंबंधी व आरोपीच्या पुढील वर्तनासंबंधी आहे. विलंबाचा प्रश्न राज्यासंबंधी आहे. आरोपी सात वर्षे आत राहिल्याने त्याच्याविरुद्धचा पुरावा कमकुवत होत नाही. म्हणून कोठडीचा काळ कलम ३७ च्या चौकटीत बसविण्याचा प्रयत्न केला की तो अपुरा ठरणारच, आणि मोहित अग्रवाल प्रकरण तेवढेच सांगते. विलंब हा अनुच्छेद २१ च्या आधारे उभा राहणारा वेगळा दावा आहे. जामीन अर्जात दोन्ही मुद्दे एकाच परिच्छेदात मिसळले जातात आणि मग दोन्ही दुबळे होतात.

राज्याच्या बाजूचा युक्तिवादही हलका नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत मेफेड्रॉनचा प्रचंड साठा सापडला. त्यापूर्वी ऑक्टोबर २०२३ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयातून अमली पदार्थांच्या प्रकरणातील एक कैदी पसार झाला. अशा टोळ्यांच्या सूत्रधारास जामीन दिल्यास साक्षीदारांचे व समाजाचे काय होईल, ही भीती रास्तच आहे. पण सूत्रधाराचा खटला आधी व वेगाने चालविणे हाच तिच्यावरील उपाय ठरतो. विलंबाचा फटका सूत्रधारापेक्षा वाहकाला, चालकाला आणि बटाईदाराला अधिक बसतो. वकिलांची फौज उभी करण्याची ऐपत त्यांच्यापैकी कोणाचीही नसते.

कालावधीचे गणित

दंड प्रक्रिया संहितेत २००५ च्या दुरुस्तीने कलम ४३६-अ आले. कमाल शिक्षेचा निम्मा काळ तुरुंगात काढलेल्या कच्च्या कैद्याला मुक्त करण्याची ती तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने घेतली असून, प्रथमच अपराधाचा आरोप असलेल्यास एक तृतीयांश काळ पुरेसा मानला आहे. मात्र एकाहून अधिक खटले प्रलंबित असणाऱ्यास हा लाभ नाही. विशेष कायद्यांनाही कलम ४३६-अ लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने सतेंदर कुमार अंतिल (२०२२) प्रकरणात म्हटले आहे.

आता आकडे मांडून पाहू. व्यापारी प्रमाणाच्या गांजासाठी कमाल शिक्षा वीस वर्षे. निम्मा काळ दहा वर्षे, आणि एक तृतीयांश म्हणजे सहा वर्षे आठ महिने. १९९४ मध्ये न्यायालयाने याच स्वरूपाच्या अपराधास पाच वर्षांची रेषा आखली होती. म्हणजे तीस वर्षांनंतरची उदार समजली जाणारी तरतूदही व्यापारी प्रमाणाच्या आरोपीसाठी त्या रेषेच्या पलीकडेच आहे. निव्वळ लागवडीच्या आरोपात मात्र एक तृतीयांश म्हणजे तीन वर्षे चार महिने होतात. वजनकाट्यावरील आकडा येथेही पुन्हा समोर येतो. तेव्हा कलम ४७९ हा विलंबावरील उपाय असला तरी तो शेवटचा टप्पा आहे. त्याची वाट पाहत राहावे, असे त्याचे प्रयोजन नव्हे.

तपासातील विलंबासाठी वेगळी तरतूद आहे. व्यापारी प्रमाणाच्या प्रकरणात कलम ३६-अ(४) नुसार १८० दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तर आरोपीस जामिनाचा हक्क प्राप्त होतो. सरकारी अभियोक्त्याच्या अहवालावरून ही मुदत एक वर्षापर्यंत वाढविता येते. हा अहवाल म्हणजे तपास अधिकाऱ्याच्या विनंतीवर मारलेला शिक्का नसून अभियोक्त्याने स्वतः विचारपूर्वक दिलेला असावा, हे हितेंद्र विष्णू ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९९४) या निर्णयाने सांगितले आहे. रासायनिक विश्लेषकाच्या अहवालाविना दाखल केलेले दोषारोपपत्र अपूर्ण ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा येथील खंडपीठाने २०२१ मध्ये ठरविले. त्यामुळे अहवाल रखडला तरी हा हक्क मिळत नाही. पदार्थ गांजाच आहे किंवा नाही हे सांगणारा कागद नसताना आरोपी आत राहू शकतो, ही स्थिती समाधानकारक म्हणता येणार नाही.

तालुक्यापासून खंडपीठापर्यंत

नजीब निर्णयात ‘घटनात्मक न्यायालये’ असा शब्दप्रयोग आहे. त्याचा अर्थ विलंबाच्या आधारे जामीन देण्याचा अधिकार केवळ उच्च व सर्वोच्च न्यायालयास आहे, असा घेतला जातो. परिणामी, विशेष न्यायालयातील अर्ज कलम ३७ वर फेटाळला जातो आणि विलंबाचा मुद्दा अनिर्णित राहतो. कळमनुरी तालुक्यातील आरोपीला त्यानंतर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जावे लागते. अंतर दोनशे किलोमीटरांहून अधिक आहे. पण अडचण केवळ अंतराची नाही. तेथील वकिलाची फी, कागदपत्रांच्या प्रमाणित प्रती, मराठी दोषारोपपत्राचे इंग्रजी भाषांतर, आणि घरच्या कर्त्या माणसाचे बुडणारे रोजंदारीचे दिवस, असा तो खर्च आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये कोठडीतील व्यक्तीस उत्पन्नाची मर्यादा न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. तालुका, जिल्हा व उच्च न्यायालय या प्रत्येक पातळीवर त्याची समिती वा प्राधिकरण असते. ही गोष्ट कुटुंबांना ठाऊक नसते, हे दुर्दैव.

मोहम्मद मुस्लिम निर्णयाने आपला निष्कर्ष अनुच्छेद २१ बरोबर कलम ४३६-अ शीही जोडला आहे, आणि ते कलम कोणत्याही न्यायालयास वापरता येते. म्हणून विशेष न्यायालयाने विलंबाच्या मुद्द्यावर निदान निष्कर्ष नोंदवावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. आरोपी किती काळ आत आहे, किती साक्षीदार झाले, किती उरले आणि तारखा कोणामुळे गेल्या, याची सर्वाधिक विश्वसनीय माहिती ज्या न्यायाधीशासमोर खटला चालतो त्यालाच असते.

देशातील कारागृहांत ३१ डिसेंबर २०२२ रोजी ५,७३,२२० बंदी होते व त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी सांगते. हे प्रमाण सुमारे ७६ टक्के आहे. त्यांत जामीन मंजूर होऊनही जामीनदाराअभावी अडकलेलेही असतात. १९७८ च्या मोतीराम प्रकरणातील आरोपी गवंडी होता. त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असल्याने त्याचा जामीन नाकारण्यात आला होता, आणि न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्यावर कठोर टीका केली होती. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले की, जामिनाचा आदेश कारागृहास त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कळवावा, सात दिवसांत सुटका न झाल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणास माहिती द्यावी, आणि महिन्याभरात जामीनदार न मिळाल्यास अट शिथिल करण्याचा विचार न्यायालयाने स्वतःहून करावा. ज्याच्या घरी सातबारा नाही आणि ज्याला तहसीलमधून ऐपतीचा दाखला मिळत नाही, त्याच्यासाठी हे निर्देश जामिनाच्या आदेशाइतकेच मोलाचे आहेत.

विलंब कोणामुळे : रोजनाम्याचा पुरावा

अंतुले निर्णयापासून आजपर्यंत एक अट कायम आहे : विलंब आरोपीने स्वतः ओढवून घेतलेला नसावा. ही बाब सिद्ध करण्याचे साधन म्हणजे न्यायालयाचा रोजनामा. प्रत्येक तारखेस काय घडले, साक्षीदार हजर होता की नाही, आरोपीस कारागृहातून आणले होते की नाही, मुदत कोणी मागितली, हे त्यात नोंदलेले असते. जप्तीच्या वेळी पंच म्हणून शासकीय कर्मचारी घेण्याची पद्धत आहे. त्यांच्या बदल्या होतात, समन्स जुन्या कार्यालयात जाते आणि तारीख वाया जाते. पोलीस बंदोबस्ताअभावी आरोपीस न्यायालयात आणले जात नाही, तेव्हाही तारीख पुढे जाते. ‘खटला पाच वर्षे प्रलंबित आहे’ हे विधान अर्जात मोघम राहते. पण ‘बेचाळीसपैकी सव्वीस तारखांना सरकारी साक्षीदार गैरहजर’ अशी रोजनाम्यावरून केलेली नोंद न्यायालयास नाकारता येत नाही. (हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.)

रोजनाम्याची प्रमाणित प्रत आरोपीस अर्ज करून मिळते. त्याखेरीज ई-कोर्ट सेवेवर खटल्याचा सोळा अंकाक्षरी सी.एन.आर. क्रमांक घातल्यास तारखांचा इतिहास मोबाइलवरही दिसतो. हा क्रमांक कोठे लिहिलेला असतो, तो कसा वापरावा, आणि दिसणाऱ्या तारखांची यादी कागदावर कशी उतरवून घ्यावी, हे राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात तासाभरात शिकविता येते. २६ जूनच्या कार्यक्रमात शपथेनंतर तालुका विधी सेवा समितीच्या एका वकिलाला त्यासाठी बोलावण्यास कोणतीही परवानगी लागत नाही.